मोजलेलं, पाहिलेलं, ऐकलेलं

रेडिओवर बोलणाऱ्या माणसाचा आवाज चांगला असावा, निदान त्याला स्वतःला तरी तसं वाटत असावं. केंद्रावर ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, त्यांच्या बाबतीत दोन्ही नव्हतं. आवाज घोगरा, त्यात प्रत्येक प्रश्नाआधी घसा खाकरायची सवय. त्यांच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आणि एडिटिंग मी करायचे, त्यामुळे ते खाकरणं कापण्यात माझे किती तास गेले ते मलाच ठाऊक. एकदा वैतागून मी म्हटलं, "काका, काय ते आधीच बाहेर जाऊन खाकरून या ना." तर म्हणाले, "बाय, अवघड प्रश्न असला की घसा आपोआप बसतो. सोपा असला तर नाही बसत. तू बघ लक्ष देऊन." मी लक्ष देऊन बघितलं. खरंच तसं होतं. तेव्हापासून मी ते कापायचं सोडून दिलं, माझाही वेळ वाचला.

आमचं केंद्र म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. वसईतल्या एका संस्थेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, शेजारी शिवणवर्ग. सामुदायिक रेडिओ म्हणतात त्याला. आसपासच्या गावांत आणि इमारतींत ऐकू जाईल एवढीच त्याची ताकद, आणि काम करणारे बहुतेक माझ्यासारखे हौशी. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये आलेली. अंधेरीतली नोकरी मुलगी झाल्यावर सोडली आणि घरात बसून डोकं फिरायला लागलं म्हणून इथे यायला लागले. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून जुन्या गोधड्या लावल्या होत्या. शिवणवर्गाची मशिनं सुरू झाली की त्या गोधड्यांचाही इलाज चालत नसे.

दर रविवारी सकाळी आठला रेकॉर्डिंग होई आणि अकराला काकांचा कार्यक्रम लागे. नाव 'विचारून बघू'. विषयाला धरबंध नव्हता. एका रविवारी लग्नातली गाणी, दुसऱ्या रविवारी निवडणूक, तिसऱ्या रविवारी डेंग्यूचा डास. काका या तिन्हींतल्या कशाचेच जाणकार नव्हते. ना प्राध्यापक, ना पत्रकार. वालीवच्या एका नट-बोल्टच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासनीस म्हणून काढली होती. बोल्ट तयार झाला की तो मापात आहे की नाही ते बघायचं, एवढंच काम. रेडिओवर ते आले तेही चुकून. कारखान्यातल्या सुरक्षिततेवर दहा मिनिटं बोलायला त्यांना बोलावलं होतं. त्या दहा मिनिटांत त्यांनी मुलाखत घेणाऱ्यालाच चार वेळा अडवलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हणून. मुलाखत घेणारा नंतर पुन्हा आलाच नाही. तेव्हा आमच्या चिटणीसांनी ती खुर्ची काकांना देऊन टाकली.

कारखान्यात त्यांच्या टेबलावर तीन ट्रे असत. पास, रिजेक्ट आणि पुन्हा तपासायचा माल. रेडिओवर त्यांनी त्याचेच तीन रकाने केले. वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारायच्या आणि वर लिहायचं: मोजलेलं, पाहिलेलं, ऐकलेलं. पाहुणा बोलायला लागला की त्याचं एकेक वाक्य काका योग्य त्या रकान्यात टाकत. पाहुण्याला ते समोर दिसत असे, आणि आपली सगळी वाक्यं तिसऱ्या रकान्यात चालली आहेत हे लक्षात आलं की भलेभले चुळबुळायला लागत.

निवडणुकीच्या वेळी एक उमेदवार आले होते. कडक इस्त्री, बरोबर चार माणसं. त्यांनी सांगितलं की आपल्या भागात आता चोवीस तास पाणी येणार. काकांनी घसा खाकरला.

"कुठल्या नळाला?"

"म्हणजे? सगळ्याच नळांना."

"तुमच्या स्वतःच्या नळाला किती तास येतं, ते तुम्ही पाहिलंय?"

उमेदवार हसले. मग म्हणाले, "ते घरचे बघतात." काकांनी वहीत लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाला गेले. टोमणा नाही, हसणं नाही. त्या उमेदवारांचा नंतर चिटणीसांना फोन आला, पण त्यांची तक्रार काय आहे ते त्यांना स्वतःलाच नीट सांगता येईना. मला तर त्या दिवशी फार बरं वाटलं. आमच्या इमारतीला नळजोडणी मिळायची होती अजून, आम्ही टँकरवर जगत होतो.

पण काका फक्त मोठ्यांचीच वाक्यं तिसऱ्या रकान्यात टाकत असं नाही, आणि लहानांना नुसतं शाबास म्हणून सोडतही नसत. कळंबची एक मासे विकणारी मावशी आली होती. समुद्रात मावरं कमी झालं, त्यावर बोलायला. ती म्हणाली, "पानी गरम झालंय आता. पयल्यासारखं नाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"रोज पाय घालते ना पान्यात. लग्न होऊन आले तवापासून."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मी काचेच्या आडून त्यांना हातानं खुणावलं की रेडिओवर गप्प बसायचं नसतं. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. मग त्यांनी ते वाक्य पहिल्या रकान्यात लिहिलं. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "पाय तोच, पाणी तेच, जागा तीच, आणि रोज. याला मोजणंच म्हणतात, बाय. आकडा नाही एवढंच." पुढच्या आठवड्यात ते स्वतः एक थर्मामीटर घेऊन कळंबला गेले आणि मावशीला देऊन आले. ती आजही आकडा लिहून पाठवते, कधी कागदाच्या कपट्यावर, कधी नातवाच्या मोबाईलवरून.

कार्यक्रमाची पहिली पाच मिनिटं दुरुस्तीची असत. मागच्या रविवारी काकांचं किंवा पाहुण्याचं काय चुकलं, ते आधी वाचून दाखवायचं, आणि मगच आजचा विषय. चूक दाखवणाऱ्या श्रोत्याचं नाव घेतलं जाई आणि त्याला काकांच्या वाडीतली केळ्यांची एक फणी मिळे. काकांची वाडी नंदाखालला. दर रविवारी ते स्कूटरवर पिशवीत दोन-तीन फण्या घेऊन येत. लोक अक्षरशः चुकांवर टपून बसायचे. विरारच्या एका निवृत्त कारकुनांनी इतक्या चुका काढल्या की शेवटी त्यांनीच फोन करून सांगितलं, "मला साखर आहे, आता फण्या शेजाऱ्यांकडे द्या." चिटणीसांना हा प्रकार मुळीच आवडायचा नाही. आपल्याच कार्यक्रमाच्या चुकांनी सुरुवात करणारं केंद्र जगात दुसरं नसेल, असं ते म्हणायचे. काका म्हणायचे, "असलं तर मला दाखवा, मी दुरुस्ती वाचीन."

या सगळ्याची मला पुढे इतकी सवय झाली की मी माझी अक्कल त्यांच्याकडे गहाण टाकली. काका म्हणाले म्हणजे त्यांनी मोजलंच असणार. सगळ्यांना विचारणाऱ्या माणसाला कुणी विचारायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढे जे झालं त्यात म्हणूनच थोडी चूक माझीही आहे.

त्याआधी काकांच्या वाडीबद्दल सांगायला हवं. वाडी म्हणजे केळी, नारळ, कुंपणाला लागून पानवेली. वाडीच्या टोकाला बावखल, म्हणजे पावसाचं गोडं पाणी साठवायचं जुनं तळं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बावखलाच्या मधोमध तारेचं कुंपण बघून चक्रावले. खांब पाण्यात उभे. अर्धं तळं अलीकडे, अर्धं पलीकडे. मी विचारलं, "पलीकडे कोण राहतं?" काका म्हणाले, "शेजारी." त्यांच्या बायकोनं, काकूंनी, चहाचा कप माझ्या हातात देताना हळूच सांगितलं, "शेजारी कसले, सख्खे मोठे भाऊ ते."

दोघे भाऊ नऊ वर्षं बोलत नव्हते. भांडणाचं मूळ पाण्यात होतं. दादांनी, म्हणजे मोठ्या भावानं, आपल्या वाटणीची केळी काढली, विहिरीवर मोठी मोटर बसवली आणि पाणी टँकरवाल्यांना द्यायला सुरुवात केली. विहिरीला हे लोक बाव म्हणतात. काकांचं म्हणणं, बाव आपल्या आज्यानं खणली ती झाडांसाठी. दादांचं म्हणणं, केळ्यांवर पोरं शिकत नाहीत. आणि त्यांची मुलगी खरोखरच शिकली, शाळेत शिक्षिका झाली, हेही मला काकूंनीच सांगितलं. काकांच्या तोंडून मी भावाचं नाव कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं ते एकदम रेडिओवर.

उन्हाळा होता. विषय पाण्याचाच. पाहुण्या म्हणून भूगोलाच्या एका प्राध्यापिका आल्या होत्या. त्या फार जपून बोलणाऱ्या. किनाऱ्याजवळ जमिनीखालचं गोडं पाणी फार उपसलं तर समुद्राचं खारं पाणी आत सरकू शकतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. "सरकू शकतं," त्या दोनदा म्हणाल्या. आणि काका एकदम बोलले, "सरकू शकतं काय, सरकलंय. आमच्या नंदाखालला माझ्या सख्ख्या भावाच्या बावीचं पाणी खारं झालंय. टँकर भरभरून."

ते वाक्य मी ऐकलं, एडिट करताना पुन्हा ऐकलं आणि जसंच्या तसं राहू दिलं. अकराला ते प्रसारित झालं.

मंगळवारी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला: 'नंदाखालचा टँकर बंद करत आहोत. रेडिओवर सांगितलं की तिथलं पाणी खारट आहे. नवीन सोय होईपर्यंत काटकसर करावी.' आमच्या टाकीत पडणारं पाणी काकांच्या भावाच्या विहिरीचं होतं, हे मला तेव्हा कळलं. पुढचा आठवडा आम्ही बादल्या मोजत काढला. त्यातल्या दुसऱ्या दिवशी, बाहेरून आणलेल्या पाण्यात डाळ शिजेना म्हणून मी गॅससमोर चरफडत उभी होते, तेव्हा माझी ट्यूब पेटली. नंदाखालच्या पाण्यात डाळ दोन शिट्ट्यांत शिजत होती. साबणाला फेस येत होता. माझ्या लेकीचे केस धुताना कधी चिकट झाले नव्हते. खारं पाणी असं वागत नाही.

मी तडक केंद्रावर गेले. काका पुढच्या कार्यक्रमाची टिपणं काढत बसले होते. मी काही प्रस्तावना न करता विचारलं, "काका, दादांच्या बावीचं पाणी तुम्ही मोजलं होतं?"

त्यांनी वर बघितलं. मी त्यांना डाळीचं सांगितलं, साबणाचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "नाही मोजलं."

"मग कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

मला त्यांचा खूप राग आला होता, तो त्या दोन शब्दांनी कुठल्या कुठे गेला. त्यांचा चेहराच तसा झाला होता. सगळ्या गावाची वाक्यं तपासणारा माणूस, आणि स्वतःचं एक वाक्य न तपासता सोडून दिलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्याच संध्याकाळी केंद्राच्या फोनवर दुरुस्तीसाठी एक मेसेज आला. पाठवणारी काकांची पुतणी, दादांची शिक्षिका झालेली मुलगी. लिहिलं होतं: 'आमच्या बावीचं पाणी खारं नाही. दोन टँकरवाल्यांनी बाबांचं काम बंद केलं आहे. बाबा तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत, लोक विचारतात म्हणून. काका, तुम्ही पाणी चाखून तरी बघितलं होतंत का?'

चिटणीसांचं मत स्पष्ट होतं. हे वाचायचं नाही. टँकरचा विषय नाजूक, घरचं भांडण चव्हाट्यावर येईल, आणि एवढी मोठी चूक कबूल केली तर यापुढे कार्यक्रमावर विश्वास कोण ठेवणार? "लोक विसरतात हो," ते म्हणाले. "दोन रविवार जाऊ द्या."

"लोक विसरतील," काका म्हणाले. "त्याचं पाणी कोण घेईल?"

शुक्रवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर नंदाखालला गेले. आरओ फिल्टरवाले वापरतात तसलं पाण्यातले क्षार मोजायचं मीटर आणि दोन धुतलेल्या बाटल्या त्यांनी घेतल्या होत्या. आधी त्यांनी स्वतःची बाव मोजली. आकडा बघून मीच दचकले. चार आकडी होता. "दोन पावसाळे झाले," काका म्हणाले. "केळीची पानं कडेनं जळतायत." मला जो प्रश्न विचारायचा होता तो मी गिळला, कारण त्याचं उत्तर मला दिसायला लागलं होतं. आपलं पाणी खारं झालं म्हणजे उपसा करणाऱ्याचं त्याहून खारं झालं असणार, हे त्यांनी मनात धरून टाकलं होतं.

कुंपणाला फाटक नव्हतं. पलीकडचं घर पन्नास पावलांवर, पण आम्हाला रस्त्यानं वळसा घालून जावं लागलं. दादा मोटरच्या खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. काकांसारखेच, फक्त जास्त पिकलेले. ते उठले नाहीत.

"बोलायच्या आधी यायचं होतंस," ते म्हणाले.

"हां."

"आता आलास तर मोज."

काकांनी बादलीनं पाणी काढलं, बाटली विसळली, मोजलं. पुन्हा विसळली, पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा बादली सोडायला लागले तेव्हा दादा म्हणाले, "किती येळा मोजशील? गोड हाय ते गोड हाय." आकडा तिन्ही वेळा तेवढाच आला होता, काकांच्या बावीच्या पाव हिश्श्याएवढाही नाही. तेवढ्यात घरातून वहिनी आल्या, तांब्या-भांडं घेऊन. "मीटरला पाजलंत, भावोजी, आता तुम्ही प्या," म्हणाल्या. काकांनी तिथेच उभ्याउभ्या तांब्याभर पाणी पिऊन टाकलं. मी दुसरीकडे बघितलं.

मग त्यांनी भावाला आपल्या बावीचा आकडा सांगितला. दादा तेव्हा कुठे खुर्चीतून उठले.

"तुझी खारी झाली? कधी?"

"दोन वर्षं झाली."

"मना सांगितलं नाय तू."

"बोलत कुठे होतो आपण."

वहिनी रिकामा तांब्या घेऊन आत गेल्या आणि आम्ही परत निघालो.

रविवारची दुरुस्ती पाच मिनिटांची झाली नाही. काकांनी कागद आणला नव्हता. घसा एकदा खाकरला, दुसऱ्यांदा खाकरला. मग म्हणाले, "मागच्या भागात मी माझ्या भावाच्या विहिरीबद्दल एक वाक्य बोललो. ते मोजलेलं नव्हतं. पाहिलेलं नव्हतं. कुणाकडून ऐकलेलंही नव्हतं. माझी केळी जळत होती, भाऊ पाणी विकत होता, आणि मला त्याचा राग होता. त्या रागातून ते वाक्य आलं. परवा मी जाऊन मोजलं. त्याचं पाणी गोड आहे. मी ते प्यालोही. खारी झाली आहे ती माझी बाव. या वाक्यासाठी माझ्या वहीत रकानाच नव्हता, म्हणून मी आज चौथा रकाना आखला आहे. त्याला नाव दिलंय 'मनातलं'. चूक दाखवली माझ्या पुतणीनं. केळ्यांची फणी तिच्या घरी पोचेल. बारीक असतील या वेळी."

मी काचेमागे बसून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. शिवणवर्गाच्या बाईही दारात येऊन उभ्या होत्या. आणि चिटणीसांचा अंदाज साफ चुकला. कार्यक्रमावरचा विश्वास कमी व्हायचा सोडाच, त्या आठवड्यात आमच्याकडे इतके फोन आले की उचलायला माणूस पुरेना. बहुतेकांना आपल्या विहिरीचं पाणी मोजून हवं होतं. काहींना आपल्या घरातल्या 'मनातलं' रकान्याबद्दल बोलायचं होतं, त्यांना मी नम्रपणे ठेवते म्हटलं. आमच्या सेक्रेटरींनी नंदाखालचा टँकर पुन्हा सुरू केला आणि माझी डाळ शिजायला लागली.

पुढच्या रविवारी पाहुण्यांच्या खुर्चीत दादा बसले होते. बोलावणं काकांचं, निरोप पुतणीच्या हाती. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. काकांचा नियम असा की कार्यक्रमात पाहुण्याला, मग तो कुणीही असो, 'तुम्ही'च म्हणायचं.

"तुमच्या उपशानं शेजारच्या विहिरी खाऱ्या होतात असं लोक म्हणतात. तुमचं त्यावर काय म्हणणं?"

"एक तर मना तुम्ही म्हणू नको," दादा म्हणाले. "आणि लोक नाय म्हणत. तूच म्हणतोस."

"बरं. मी म्हणतो."

"मोजलंस?"

"नाही. कसं मोजणार? तुझी मोटर रोज चालू असते. बंद असताना काय होतं ते बघायला मिळालं तरच कळेल."

दादांनी टेबलावरचा माइक जरा जवळ ओढला, त्याची काही गरज नव्हती. "मग पंधरा दिवस बंद ठेवतो," ते म्हणाले. "मोज."

मी काचेमागे कपाळाला हात लावला. ऐन उन्हाळा, आणि आमच्या टाकीचं पाणी माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच माइकवरून पुन्हा बंद होत होतं. आमच्या तळमजल्यावरच्या शेजारीणबाईंनी त्या पंधरा दिवसांत माझ्याकडे कसं बघितलं ते मी इथे लिहीत नाही. पण खरं सांगते, रोज संध्याकाळी आकडा काय आला ते विचारायलाही त्याच पहिल्या यायच्या.

मोजणं रोज सकाळी सातला होई. काका अलीकडे आपली बाव मोजत, पुतणी पलीकडे त्यांची मोजे आणि कुंपणावरून आकडा ओरडून सांगे. काका तो वहीत लिहून घेत. दादा मोटरच्या खोलीशी बसलेले असत. पंधरा दिवसांत काका पलीकडे गेले नाहीत आणि दादा अलीकडे आले नाहीत. काकू मला फोनवर म्हणाल्या, "ओरडून ओरडून पोरीचा घसा बसला, पण या दोघांचे पाय काही हलत नाहीत."

काकांनी पुढे दोन वर्षांनी कार्यक्रम सोडला. कुणी सांगितलं नव्हतं, तब्येतही ठणठणीत होती. म्हणाले, "मापाचं हत्यार फार वापरलं की तेच झिजतं, आणि झिजलेल्या मापाला सगळा माल पास वाटतो. आता दुसरं माप आणा." दुसरं माप म्हणून त्यांनी मला बसवलं. मला पाहुण्यांचा राग फार लवकर येतो आणि माझ्या दुरुस्त्या त्यांच्यापेक्षा लांबतात. पण कार्यक्रम चालू आहे, आणि चुका काढणारे वाढलेत.

तर तो पंधराव्या दिवसानंतरचा रविवार. दोघे भाऊ समोरासमोर, मध्ये वही. काकांनी पंधरा आकडे एका दमात वाचून दाखवले. त्यांच्या बावीचा खारेपणा उतरला होता. फार नाही, पण उतरला होता. दादांच्या उपशाबद्दल ते जे म्हणत होते, तिकडेच तो आकडा बोट दाखवत होता. आता काका जिंकणार, आणि दादा उठून जाणार, असं मला वाटलं. दादांनाही तेच वाटत असावं. ते हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

काकांनी वही मिटली. "यावरून काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "एवढा फरक भरती-ओहोटीनंही पडतो. मधले दोन दिवस मी मोजायला उशीर केला, त्यानंही पडला असेल. तुझ्यामुळे माझी बाव खारी झाली, असं आज मी म्हणू शकत नाही."

दादांनी मिटलेली वही आपल्याकडे ओढली.

"मग किती दिवस बंद ठेवली तर कळेल?"

"पावसाळ्यापर्यंत तरी. तेवढं बंद ठेव असं मी तुला सांगणार नाही. तुझं पोट आहे त्यावर."

"एक टँकर चालू ठेवतो, बाकी बंद," दादा म्हणाले. "पण तो आकडा कुंपणावरून ओरडायचा धंदा नको. माझी बाव तू येऊन मोज. रोज ये."